सात पूर्वज आणि एक घोडा

प्रिय बुरुल,

बापाने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "आता शोभलास माझा मुलगा." त्या क्षणी माझं सगळं बदललं. एकवीस वर्षं मी त्या थापेची वाट बघत होतो. ती मिळाली तेव्हा माझ्या हातात चाबूक होता आणि समोर भिंतीला पाठ टेकून माझी आठ वर्षांची बहीण उभी होती. बेगिमाय. तू तिला कधी पाहिलेलं नाहीस, पण तिच्या गोष्टी मी तुला इतक्या सांगितल्यात की रस्त्यात भेटली तरी ओळखशील. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, आणि तोंडात सतत 'का'.

पत्र खाली ठेवू नकोस. मला माहितीये, तुझ्या कपाळावर आत्ता ती उभी आठी पडली असेल आणि तू मनात म्हणत असशील, हा काही सुधारायचा नाही. म्हण. मी सबब सांगायला लिहीत नाहीये. कशासाठी लिहितोय ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर मधलं तू वाचणार नाहीस, आणि मधलं वाचल्याशिवाय शेवटचा काही उपयोग नाही.

आमच्या घरात खिडकीशेजारच्या भिंतीत एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला आजोबांचा, साद्याकचा, चाबूक असायचा. तांबूस लाकडाची मूठ, तीन पदरी विणलेली कातडी शेपटी. तो घोड्यावर उगारलेला मी कधी पाहिला नाही. संध्याकाळी मी वही उघडली की बाप तो खाली काढायचा आणि वहीशेजारी ठेवायचा, लोक पाण्याचा पेला ठेवतात तसा. चुकलो की पोटरीवर एक. अडखळलो तरी एक. सात आठे छप्पन म्हणताना माझी डावी पोटरी अजून आकसते. तू एकदा हसली होतीस, "पाढे म्हणताना तू पाय का हलवतोस?" मी म्हणालो होतो, सवय आहे. बुरुल, तेव्हा खोटं बोललो.

पण बाप राक्षस आहे असंही समजू नकोस. तसा असता तर सोपं झालं असतं. तो सहावीत शाळा सोडून मेंढरांमागे गेला. मी तीन वर्षांचा असताना कळपाला गोचीड झाली. औषधाचा डबा आला, त्यावर सगळं रशियन. बापाला अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. त्याने अंदाजाने पाणी मिसळलं. बेचाळीस मेंढ्या दोन तासांत तोंडाला फेस येऊन मेल्या. औषध देणारी बाई शहरातून आली, तिने सगळ्या गावादेखत डबा त्याच्या छातीवर आपटला आणि म्हणाली, "वाचता येत नाही तर मेंढरंच तुझ्यापेक्षा शहाणी." आई सांगते, त्या दिवशी घरी येऊन त्याने झोपलेल्या मला उठवलं, मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "हा वाचेल. मेला तरी वाचेल." दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीत खिळा ठोकला. म्हणजे खिळ्याच्या मुळाशी प्रेमच होतं. मार खाणाऱ्याला मूळ दिसत नाही, एवढंच.

चाबकाच्या जोरावर मी राजधानीत, बिश्केकला पोचलो, वीज आणि उष्णतेच्या शिक्षणाला. तिथे भिंतीत खिळा नव्हता. पहिल्या सत्रात मी पुस्तक उघडायचो आणि तासभर त्याच पानाकडे बघत बसायचो. कुणी मागे उभं नाही, कुणी मारत नाही, मग वाचायचं कशासाठी हेच मला कळेना. मग तू आलीस. निळा कोट, बोटांना वाळलेला डिंक, खिशात जर्दाळूच्या बिया. प्राथमिकच्या मुलांना मोजायला देते म्हणालीस. ट्रॉलीबसमध्ये उभी राहून मला विचारलंस, "बर्फ पाण्यावर का तरंगतं? मुलांनी विचारलं, मला सांगता आलं नाही. तू सांग ना." दोन दिवस मी वाचनालयातून उठलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या भीतीने वाचत नव्हतो. तू उद्यानातल्या बाकावर बसलीस, मी चहाच्या पेल्यात बर्फाचा खडा टाकून तुला समजावलं, आणि तू म्हणालीस, "थांब, पुन्हा सांग, मला अर्धंच कळलं." तुला पूर्ण कळलं होतं, बदमाश. तू मला पुन्हा सांगायला लावत होतीस. नंतर अडीच वर्षं मी जे शिकलो ते सगळं तुला सांगण्यासाठी. एक बी अजून माझ्या खिशात आहे. घासून घासून गुळगुळीत झाली.

आणि मग मार्चमधला तो दिवस. तुझी पाठ घेण्याची परीक्षा होती, मी बाहेर तुझी पिशवी धरून उभा. तुझ्या वर्गातला एल्दार, कानटोपी घातलेला, सगळ्यात मागे बसणारा. त्याचा बाप त्याला न्यायला आला, गाड्यांचे सुटे भाग विकणारा तो जाडा. त्याने दारातच वही मागितली, लाल खुणा बघितल्या आणि पोराच्या कानशिलात अशी भडकावली की कानटोपी उडून बाकाखाली गेली. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. त्याची कॉलर माझ्या मुठीत. पायरीची फरशी. त्याचं तोंड फरशीवर, एकदा, दोनदा. माझ्या उजव्या मुठीवर त्याच्या दाताचा वण आहे. कुणीतरी मागून माझ्या पाठीवर दप्तर मारत होतं आणि किंचाळत होतं, "सोड माझ्या बाबांना, सोड." तो एल्दार होता. मी उठलो आणि तुझ्याकडे पाहिलं. कबूल करतो, मी शाबासकीची वाट बघत होतो. तू गुडघ्यावर बसून तुझ्या रुमालाने त्या माणसाचं रक्त पुसत होतीस. मान वर न करता विचारलंस, "आज या वर्गातली तीस मुलं काय शिकली, कुबात?" मी म्हणालो, "बापाला घाबरायचं नाही, हे शिकली." तू म्हणालीस, "ज्याचा हात मोठा त्याचं खरं, हे शिकली. ते त्यांना घरीच शिकवतात. त्यासाठी शाळा कशाला हवी?"

तुला त्या शाळेतून काढलं. तुझी काही चूक नसताना. तू मला एकच अट घातलीस, "एल्दारसमोर त्याच्या बापाची माफी माग. मग आपण बोलू." मी म्हणालो, "त्या जनावराची? मेलो तरी नाही." तू नारीनला तुझ्या गावी निघून गेलीस. पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा होती. कागद समोर आला आणि माझ्या डोक्यात काही नव्हतं. ज्याला सांगायचं ते माणूसच नव्हतं, आणि चाबूकही नव्हता. मी नाव सुद्धा न लिहिता कागद परत दिला, ओळखपत्र फाडून पहारेकऱ्याच्या टेबलावर टाकलं आणि घरी आलो.

बाप अंगणात घोड्याला खरारा करत होता. माझ्या हातातली ट्रंक बघितली आणि म्हणाला, "मेंढरं तिकडे आहेत." बस. पुढे तीन महिने एक शब्द नाही. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. उन्हाळ्यात एक दिवस जेवताना म्हणाला, "तू तर वाया गेलास. हिला तरी शिकव. मला ती बिश्केकला हवी आहे. परत न येणारी." आणि त्याने मान वळवून खिळ्याकडे बघितलं.

बेगिमायला शिकवायची खरं तर गरजच नव्हती. आई शिकवत होती, आणि ते आईलाही माहीत नव्हतं. आई कणकेचे तुकडे कापत बसायची आणि म्हणायची, "माझा हिशोब चुकतो गं. तीन तीनचे ढीग केले तर किती होतील?" बेगिमाय मेंढीच्या घोट्याची हाडं, तिची चुको खेळायची हाडं, मांडून बसायची. त्यात एक हाड राजा, बाकीचे सैनिक. ती त्यांना रांगेत लावून वजाबाकी करायची, म्हणजे मारायची. "आई, हिवाळ्यात बर्फाखाली नदी कशी वाहते?" आई म्हणायची, "मला नाही माहीत. तुला काय वाटतं?" आणि पोरगी अर्धा तास बोलत सुटायची. मी ते ऐकायचो आणि मला तू आठवायचीस. अर्धंच कळलं, पुन्हा सांग. पण मला वाटलं, हा खेळ झाला. अभ्यास म्हणजे पाठ ताठ, समोर वही आणि वहीशेजारी चाबूक. मी मारणार नव्हतो, बुरुल, शपथ. मी नुसता ठेवत होतो.

सप्टेंबरच्या शेवटी, काकाचा धाकटा मुलगा चालायला लागला म्हणून त्याच्या पायातला दोरा कापायचा समारंभ होता. बापाने ठरवलं, बेगिमायने पाहुण्यांसमोर सात पूर्वज म्हणायचे, बापापासून मागे सात पिढ्यांची नावं. म्हणाला, या तुर्गुनची मुलगी काय आहे ते कळू दे लोकांना. मी रोज घोकून घेत होतो. तुर्गुन, साद्याक, बोतोय, झापार, एसेनामान, कुलजिगाच, तिलेकमात. नावं तिच्या डोक्यात बसत नव्हती. मग आईने लोकर पिंजता पिंजता तिला झापारची गोष्ट सांगितली. मोठ्या पळापळीच्या वर्षी झारच्या फौजेपुढे सगळं गाव चीनकडे निघालं होतं, खिंडीत झापारला गोळी लागली, आणि त्याच्या तोरू नावाच्या घोड्याने अकरा वर्षांच्या बोतोयला पाठीवर घेऊन बर्फातून दोन दिवस चालत आपल्या लोकांपर्यंत आणलं. बेगिमायला झोप येईना. दुसऱ्या दिवशी वही उघडल्या उघडल्या तिने विचारलं, "बाइके, दादा, तोरू माझा कोण लागतो?" मी म्हणालो, "घोडा कुणाचा कोण लागत नाही. नावं म्हण." "पण त्याने..." मी चाबूक दोन बोटं तिच्याकडे सरकवला. ती नावं म्हणायला लागली. मला वाटलं, बघा, बसली नावं.

समारंभाच्या दिवशी अंगणात साठ-सत्तर माणसं होती. पोरं धावली, जिंकलेल्याने बाळाच्या पायातला काळा-पांढरा दोरा कापला, बाळ दोन पावलं टाकून पडलं, सगळे हसले. जेवण वाढल्यावर गावातले सगळ्यात वडीलधारे, ओरोझ आक्साकाल, यांनी बेगिमायला बोलावलं, "ये पोरी. कुणाची गं तू? सातांची नावं सांग." ती पुढे गेली. आवाज खणखणीत. "माझे वडील तुर्गुन. तुर्गुनचे वडील साद्याक. साद्याकचे वडील बोतोय. बोतोयचे वडील तोरू."

अख्खं अंगण हसून फुटलं. झोल्दोश काका, तो एक गावचा विदूषक, हाडावरचं मांस सोडून ओरडला, "तुर्गुन, तुमच्या घराण्यात शेपूट कुठल्या पिढीपर्यंत होती रे?" कुणीतरी मागून म्हणालं, "तरीच याचा पोरगा शहरात शिकायला जातो आणि लाथा झाडून परत येतो." ते माझ्यावर होतं. माझ्या मुठीवरचा वण ठणकला. आक्साकाल मात्र हसले नाहीत. त्यांनी बेगिमायच्या डोक्यावर हात ठेवला, मेंढीचा उकडलेला कान कापून तिला दिला, शहाण्या मुलाला देतात तसा, आणि म्हणाले, "पुढचं म्हण, पोरी." पण तिची नजर बापाकडे गेली होती. तिला पुढचं काही म्हणता आलं नाही. तो कान तिने मुठीत धरला आणि घरी येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

घरी आल्यावर बापाने कोट काढला आणि हात खिळ्याकडे नेला. मी त्याच्याआधी पोचलो. "बाबा, तुम्ही बसा. मी शिकवली, मी बघतो." मी मनाशी म्हणालो, माझा हात हलका आहे, त्याचा लागेल त्यापेक्षा माझा कमी लागेल. बुरुल, माणूस स्वतःशी किती छान बोलतो. पहिला मी खरंच हलका मारला. तिने वर बघितलं. मी चाबूक काढला तो तिला वाचवायला, असं तिला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाइके?" त्या एका शब्दात काय होतं कुणास ठाऊक. मला तो सहन झाला नाही. दुसरा मी पूर्ण जोराने मारला. तिसऱ्याला शेपटी तिच्या पोटऱ्यांभोवती गुंडाळली गेली आणि मला ती ओढून काढावी लागली. मग ती म्हणायला लागली. रडली नाही. फटक्यागणिक एक नाव. तुर्गुन. साद्याक. बोतोय. झापार. मी थांबलो नाही, कारण नावं बरोबर येत होती. एसेनामान. कुलजिगाच. तिलेकमात. सातही, एकही चूक नाही. मेंढीचा कान तिच्या हातातून जमिनीवर पडला. मागून बाप म्हणाला, "बघ. येत होतं तिला. चाबकाशिवाय बाहेर निघत नव्हतं." आणि त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली.

इथे पोचायला मला सुरुवातीपासून इतका वेळ लागला. त्या थापेत मला एल्दारचा बाप दिसला. फरशीवरचा नव्हे, दारातला. वही हातात घेतलेला.

आईने तिच्या पायांना चरबी चोळली आणि सहा दिवस माझ्याशी बोलली नाही. बेगिमाय मात्र बोलायची, आणि तेच भयंकर होतं. माझे बूट पायरीवर वाजले की ती असेल तिथून उठायची, भिंतीला पाठ लावायची आणि म्हणायची, तुर्गुन, साद्याक, बोतोय, झापार. कुणी विचारलेलं नसायचं. बापालाही नवल वाटलं. तो म्हणाला, "पोरगी हुशार निघाली." ती 'का' विचारायची थांबली. चुकोची हाडं कपाटामागे पडून राहिली, राजा आणि सैनिक एकत्र. कणकेचे ढीग आईच मोजू लागली.

मी बूट काढून घरात यायला लागलो. ऑक्टोबरभर मोज्यांनी गार फरशीवर चाललो. ती दिसली की मी दुसरीकडे जायचो. मला तुझं आठवलं. वर्गातलं एखादं मूल हट्टाला पेटलं की तू त्याच्याशी बोलायची नाहीस, त्याच्याजवळ बसून दुसऱ्याशीच बोलायचीस. मग मी गोठ्यात दूध काढायला बसलो की गाईला तोरूची गोष्ट सांगायला लागलो. मोठ्याने. मुद्दाम चुका करत. "तर बाई, झापारचा तो पांढरा घोडा..." चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दाराच्या फटीतून आवाज आला, "पांढरा नव्हता. तांबडा होता. कपाळावर चांदणी होती." मी मागे वळलो नाही. गाईलाच म्हणालो, "बरं, तांबडा. मग त्याने बोतोयला नेलं कशाला? घोड्याला काय पडलं होतं?" फटीतला आवाज दोन बोटं जवळ आला. मग म्हणाला, "कारण झापार मेला होता. मग बोतोयला कुणी सांभाळलं? तोरूने. जो सांभाळतो तो वडील. तोरू नसता तर साद्याक आजोबा नसते, बाबा नसते, तू नसतास."

दूध बादलीच्या बाहेर जात होतं ते मला कळलं नाही. ती विसरली नव्हती, बुरुल. त्या सत्तर माणसांत तिने एकटीने विचार केला होता, आणि त्याबद्दल मी तिला दहा फटके मारले होते. मी 'बेगी' म्हणून उठलो, रबरी बूट फरशीवर वाजले, आणि दाराच्या पलीकडून लगेच सुरू झालं. तुर्गुन. साद्याक. बोतोय. झापार.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली. मुलगी फळ्याकडे बघत नाही, दाराकडे बघत बसते, वही कोरी आहे. बापाने चिठ्ठी दोनदा वाचली, बोट ठेवून, एक एक शब्द. मग चाबूक काढला. या वेळी मी मध्ये उभा राहिलो. तो म्हणाला, "बाजूला हो. तुला मधेच सोडला म्हणून तू असा झालास. हिला नाही सोडणार." पहिला फटका माझ्या डाव्या भुवईपासून जबड्यापर्यंत बसला. डोळ्यात रक्त आलं. माझी मूठ वर गेली, तीच, वण असलेली, आणि बुरुल, मी त्याला मारू शकलो असतो. तो आता म्हातारा होत चाललाय, त्याचे दात मी एका ठोशात पाडले असते. पण चुलीशेजारून आवाज येत होता, तुर्गुन, साद्याक, आणि तो आवाज माझ्या मुठीला घाबरून येत होता, त्याच्या चाबकाला नव्हे. मी मूठ उघडली. खाली बसलो, तिच्या उंचीला, तिला पाठीमागे घेऊन. बापाने अजून दोन मारले, मानेवर, पाठीवर. मग त्याचा हात आपोआप खाली आला. तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही रे."

आई कणीक मळत होती. ती पिठाच्या हातांनी उठली, जमिनीवरून चाबूक उचलला, चुलीचं झाकण उघडलं आणि आत टाकला. बाप बघत राहिला. कातडं जळल्याचा वास चार दिवस घरातून गेला नाही. आई हात धुता धुता म्हणाली, "सोमवारी मी बेगीला घेऊन बहिणीकडे नारीनला जाते. तिथल्या शाळेत घालते. तुम्ही हवं तर या, नको तर मेंढरं बघा." तिने परवानगी मागितली नाही, लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत हे पहिल्यांदा. बाप रात्री जेवला नाही. सकाळी बेगीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा त्याने मेणदोऱ्याने शिवून दिला आणि कळपाकडे गेला. खिळा अजून आहे. मी तो पक्कड लावून ओढला, निघाला नाही.

आज सोमवार. हे पत्र तुझ्या हातात ज्या बाईने दिलं ती माझी आई आहे, आणि तिच्या झग्याआड जी उभी आहे ती बेगिमाय. मावशीकडून कळलं की तिथल्या शाळेत दुसरीचा, म्हणजे बेगीचा, वर्ग तुझा आहे. म्हणून लिहिलं. ती तुझ्याकडे आली तर तिला काय झालंय ते तुला माहीत असायला हवं, आणि ते मीच सांगायला हवं, कारण ते मी केलंय. तिच्या मागून अचानक हाक मारू नकोस. जड बुटांच्या माणसाला वर्गात येऊ देऊ नकोस. ती दाराकडे बघत बसली तर बसू दे, शेजारी बसून दुसऱ्या कुणाशी तरी चुकीची गोष्ट सांग, ती दुरुस्त करेल. तिला सात पूर्वज कधीही विचारू नकोस. तिने आपणहून सांगितले आणि चौथ्या जागी घोडा आला, तर तिला विचार, का? आणि ऐक. बाकी तुला शिकवणारा मी कोण. आईच्या पिशवीत चुकोची हाडं आहेत, राजाला मी लाल रंग देऊन ठेवलाय. मी येत नाहीये. मी इथून बिश्केकला जातोय, त्या सुट्या भागांच्या दुकानात. शाळा सुटल्यावर एल्दार तिथे बसतो असं कळलंय, त्याच्यासमोरच बोलेन. त्याच्या बापाने मला मारलं तर माझे हात खाली असतील. हे मी तू परत यावंस म्हणून करत नाही. म्हणजे करतोय, खोटं कशाला बोलू, पण ते वाक्य तू वाचलं नाहीस असं समज. आत्ता मी ओसरीवर बसून लिहितोय. आई आत प्रवासासाठी बोरसोक, कणकेचे तुकडे, तळतेय, बेगी तिच्याजवळ आहे, आणि मला वाटतं मी चुकीचं ऐकलं, पण नाही, ती पुन्हा विचारतेय, "आई, बर्फ पाण्यावर का तरंगतं?" सहा आठवड्यांनी पहिला 'का'. मला उत्तर येतं. तुला सांगितलेलं, पेल्यात खडा टाकून. आई म्हणतेय, "मला नाही माहीत. तुला काय वाटतं?" तिचं उत्तर ऐकायला मी थांबत नाही. पत्र पिशवीत हाडांच्या खाली ठेवतो, बूट हातात घेतो, आणि मोज्यांनीच बाहेर पडून दार आवाज न करता ओढून घेतो.

तुझाच,
कुबात